मोड आले म्हणजे शिजलं का?

वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीत बसलं की काही मिनिटांत मढची जेट्टी येते, आणि होडी टेकायच्या आधी वास येतो. पावसाळा सरला की मढ-भाटीच्या कोळीवाड्यांत वलांड्या उभ्या राहतात. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबलांच्या जोड्या टांगलेल्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला. ओला, लिबलिबीत मासा दोन-तीन दिवसांच्या उन्हात काटकीसारखा कडक होतो. या सगळ्यात चूल कुठेच नाही. मढचं ऊन कितीही तापलं तरी हवा काही ४८ अंशांपर्यंत जात नाही.

हा ४८चा आकडा महत्त्वाचा आहे. कच्च्या आहाराच्या पंथात तो लक्ष्मणरेषेसारखा मानतात. काही कडवे लोक रेषा ४२वरच ओढतात. अन्न त्याच्यावर तापलं की ते ‘मेलेलं’, त्याखाली राहिलं तर ‘जिवंत’. या व्याख्येनं वलांडीवरचा बोंबील कच्चाच ठरतो, ‘सूर्यानं शिजवलेला’ असं त्याचं कौतुकही करता येईल. पण हे कौतुक कोळणीला सांगून पाहावं. सुका बोंबील निखाऱ्यावर भाजल्याशिवाय किंवा कालवणात रटरटल्याशिवाय तिच्या घरात ताटात पडत नाही. उन्हानं मासा टिकतो. तो खाण्याजोगा करायला विस्तव लागतो.

मासळीचं उदाहरण व्हीगन मंडळींना रुचणार नाही. त्यांनी वलांडीच्या जागी गच्चीवरची पापडाची पाटी धरावी, मुद्दा तोच राहतो. उडदाचा पापड आणि मुगाच्या डाळीचे सांडगे उन्हात वाळतात, वर्षभर डब्यात राहतात आणि शेवटी भाजले किंवा तळले जातात. वाळला म्हणून कच्चा पापड कुणी जेवायला वाढत नाही. चोरून लाट्या खाणाऱ्या पोरांचा अपवाद धरावा, आणि त्यांची पोटं दुखायची हेही लक्षात ठेवावं.

आता प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडू. नुसती फळं आणि पाला खाऊन राहणाऱ्यांचं प्रथिनांचं गणित बसत नाही, हे कच्च्या आहाराच्या शहाण्या पुरस्कर्त्यांनाही मान्य आहे. त्यांचा तोडगा असा, की गहू, ज्वारी, मूग, हरभरा, मटकी भिजवा, मोड आणा आणि तसेच खा. मोड आणल्यानं धान्यातले अपायकारक घटक निघून जातात, प्रथिनं सुटी होतात, ‘एन्झाइम’ जागे होतात. थोडक्यात, विस्तवाचं सगळं काम मोड करतो, म्हणून विस्तव नको. दूधदुभतं वर्ज्य केलेल्या आहाराला यानं समतोल येतो, असं ते सांगतात. पुस्ती अशीही जोडतात, की आपल्या आज्या मोड आलेली कडधान्यं खातच होत्या ना!

खात होत्या. पण शिजवून.

सगळं पाणी इथेच मुरतं. मराठी स्वयंपाकघरानं मोडाला जितका मान दिला तितका फार थोड्या स्वयंपाकांनी दिला असेल. मटकीची उसळ, मुगाची उसळ, कुळथाचं कढण, वालाचं बिरडं. पण या घरात मोड हा चुलीचा पर्याय कधीच नव्हता. ती चुलीआधीची एक पायरी होती. बिरड्याचंच पाहा. कडवे वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत धरून सोलायचा आणि मग शिजवायचा. वालाच्या सालीत तुरट टॅनिनं असतात. वाळलेल्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, शिवाय थोड्या प्रमाणात सायनाइड सोडणारे ग्लुकोसाइडही. भिजवणं, मोड आणणं, सोलणं, शिजवणं या चार पायऱ्यांनी मिळून तो दाणा माणसाळतो. सीकेपी घरातल्या बाईला टॅनिन हा शब्द ठाऊक नव्हता. पण चारांतल्या तीन पायऱ्या करून चौथी सोडून देण्याचा विचार तिच्या मनाला शिवला नसता.

नाचणीचं सत्त्व हा आणखी नेमका पुरावा आहे. नाचणीला मोड आणतात, वाळवतात, दळतात, आणि बाळाला देताना त्याची खीर शिजवतात. साध्या पिठाची लापशी घट्ट गोळा होते, सत्त्वाची पातळ राहते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ, म्हणजे जास्त पोषण, बसतं. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर संशोधन केलं. मोड आलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घातलं की लहान मुलांची दाट लापशी पातळ होते, हे त्यांनी दाखवलं. हे काम करतं ते अमायलेज, म्हणजे मोडातलं तेच ‘जिवंत’ एन्झाइम ज्याच्या नावानं कच्च्या आहाराची आरती ओवाळली जाते. आणि हे अमायलेज सर्वांत जोमानं कधी काम करतं? बिअर गाळणाऱ्यांना विचारा. मोडवलेल्या जवाचा पाक ते ६५ अंशांच्या आसपास धरतात, कारण पिष्ट फुगून मऊ होतं तेही त्याच सुमाराला आणि अमायलेज त्यावर तुटून पडतं तेही तेव्हाच. म्हणजे धान्याचं स्वतःचं एन्झाइम ज्या तापमानाला सर्वांत कष्टाळू असतं, ते तापमान या पंथात निषिद्ध! ४८ अंशांची रेषा धान्याला विचारून आखलेली नाही.

एन्झाइमांबद्दल आणखी एक गोष्ट, आणि मग तो विषय पुरे. एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. जठरातलं आम्ल त्यांना इतर प्रथिनांसारखंच वागवतं, उलगडून तोडून टाकतं. काही थोडा वेळ टिकत असतीलही. पण माणसाला अन्न पचवायला मुगाकडून एन्झाइम उसने घ्यावे लागत नाहीत, त्याचं स्वादुपिंड ते रोज भरपूर बनवतं. माणसाच्या शरीरात एन्झाइमांची एक ठरावीक पुंजी असते आणि शिजवलेलं अन्न खाऊन ती संपते, ही कल्पना अमेरिकेतल्या एडवर्ड हॉवेल यांनी लोकप्रिय केली. ती ऐकायला बँकेच्या पासबुकासारखी सोपी आहे, शरीरशास्त्रात मात्र तिला आधार नाही.

मोडाचं श्रेय नाकारायचं कारण नाही. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसतं, मोड आल्यावर ते तयार होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि एलन डेल्फ यांनी १९१९ साली हे प्रयोगांनी दाखवलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात अडकलेल्या हिंदी फौजांना स्कर्व्हीनं ग्रासलं होतं, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नव्हता. मोडामुळे फायटेट घटतं, लोह थोडं सुटं होतं, पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात. हे सगळं खरं आहे. प्रथिनं मात्र वाढत नाहीत. वाटीभर मुगाचे तीन वाट्या मोड होतात ते पाण्यानं. मुगात शेकडा २४ ग्रॅम प्रथिनं धरली आणि ६० किलोच्या माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे, किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबानं, रोज पन्नासेक ग्रॅम लागतात असं मानलं, तर एकट्या मुगातून ती मिळवायला दोनशे ग्रॅम कोरडे मूग हवेत. त्यांचे मोड अर्ध्या किलोच्या वर जातील. एवढे कच्चे मोड रोज चावून खायचे. उसळीच्या रूपात एवढ्याच मुगाला दोन जेवणं पुरतात, दात शिल्लक राहतात, आणि पचनाच्या वाटेतले अडथळे विस्तवानं आधीच दूर केलेले असतात.

हे अडथळे कल्पनेतले नाहीत. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल या जोडीनं १९१७ साली उंदरांना कच्चं सोयाबीन घातलं, उंदीर वाढेनात. तेच सोयाबीन शिजवून घातलं, उंदीर वाढू लागले. दाण्यात प्रथिनं तेवढीच होती. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटक प्रथिनांचं पचन रोखत होते, आणि ते घटक उष्णतेनं मोडतात. मोड आणल्यानं ते घटतात हेही खरं, पण किती घटतात ते दाण्याच्या जातीवर आणि मोडाच्या दिवसांवर अवलंबून असतं. ‘घटतात’ आणि ‘जातात’ या दोन क्रियापदांतलं अंतर गिळून टाकलं की कच्च्या आहाराची अर्धी पत्रकं लिहून होतात.

सगळी कडधान्यं एका माळेचे मणी नाहीत. मूग सोशिक आहे. राजमा मुळीच नाही. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीप्रमाणे कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. अर्धवट, म्हणजे ८० अंशांपर्यंत तापवलेला राजमा कच्च्याहूनही जास्त त्रास देतो. तो किमान पाच तास भिजवावा, पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावा, असा त्यांचा सल्ला आहे. २००६ साली जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात पांढरा राजमा दोन-तीन मिनिटं भाजून, पूड करून, भातावर घालून खाल्ला की वजन उतरतं असं दाखवलं. पाहणाऱ्यांनी तसं केलं, आणि शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी बेजार झाले. राजमा उत्तरेकडचा, आपला काय संबंध, असं कुणी म्हणू नये. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा याच जातकुळीतला आहे. घेवड्याची आमटी रटारट उकळते ती उगाच नाही.

कच्च्या धान्य-कडधान्यावर जगण्याचा प्रयोग मुंबईला नवा नाही. तो ज्यानं केला त्याच्याइतका काटेकोर प्रयोगकर्ता आजच्या कुठल्याही शिबिरात सापडणार नाही. बॅरिस्टर मोहनदास गांधी विलायतेहून परतल्यावर मुंबईत वकिलीची खटपट करत होते, तेव्हा त्यांनी आठवडाभर न शिजवलेल्या अन्नावर राहून पाहिलं. पाहुण्यांची ऊठबस आणि चारचौघांतला संकोच यांमुळे ते थांबलं. १८९३च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियात त्यांनी पुन्हा सुरुवात केली. रात्री भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ, सोबत मनुका, सुका मेवा, संत्री. एका जेवणाला पाऊण तास लागे. महिनाही पुरा झाला नाही आणि प्रयोग आटोपला. त्याची हकीकत त्यांनी लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ पत्रात १८९४ साली छापली, फसलं ते फसलं म्हणून.

छत्तीस वर्षांनी ते पुन्हा त्याच वाटेला गेले. आंध्रात राजमहेंद्रीच्या सुंदरम् गोपालराव यांच्या सांगण्यावरून १९२९च्या उन्हाळ्यात गांधींनी स्वतः आणि आश्रमातल्या काही सोबत्यांनी न शिजवलेलं अन्न सुरू केलं. १३ जूनच्या ‘यंग इंडिया’त त्यांनी मापंसुद्धा दिली. मोड आलेले गहू ८ तोळे, बदामाचं वाटण ८ तोळे, वाटलेला पाला ८ तोळे, सहा लिंबं, दोन औंस मध. आठवड्यातून दोन-तीनदा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे, आणि त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचं दूध. आजच्या कुठल्याही ‘संतुलित कच्च्या व्हीगन’ तक्त्याशी हा ताडून पाहावा. काही कमी नाही, उलट हा तक्ता जास्त विचारपूर्वक केलेला आहे.

पण हिशेब करा. आठ तोळे म्हणजे त्र्याण्णव ग्रॅम. एवढ्या बदामातून सुमारे साडेपाचशे कॅलरी येतात. गव्हाचं वजन कोरडं धरलं तरी त्यातून तीनशेच्या आसपास, मधातून पावणेदोनशेच्या आतबाहेर, लिंबू-पाल्याचं किरकोळ. बेरीज अकराशेच्या घरात जाते, आणि तीही निम्मी एकट्या बदामाची. धान्याचा आहार म्हणून मांडलेला हा तक्ता चालतो बदामावर! आजचे तक्तेही असेच चालतात. धान्य नावापुरतं, आणि भार काजू-बदाम, अक्रोड, नारळ, खजुरावर. मढच्या कोळीवाड्यात किंवा मालाडच्या चाळीत महिनाभर हा बाजार भरून दाखवावा आणि मग ‘निसर्गाकडे चला’ म्हणावं.

पुढे काय झालं तेही गांधींनी लपवलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांना आमांशानं गाठलं आणि प्रयोग सोडावा लागला. फसलेला राजकीय डाव माणसं मान्य करत नाहीत, आणि हा गृहस्थ फसलेला नाश्ता जाहीर मान्य करतो! त्यांच्या व्हीगन बाजूच्या हकीकतीचा शेवटही मुंबईतच झाला. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. १९१८च्या जीवघेण्या आमांशानंतर ते काही केल्या उभे राहीनात. मुंबईत डॉक्टर दलालांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि दूध घ्याच म्हणून आग्रह धरला. त्यांनी व्रताकडे बोट दाखवलं. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैस होती, शेळीचं काय, अशी वाट कस्तुरबांनी काढून दिली. गांधींनी शेळीचं दूध घेतलं, आणि व्रताचा शब्द राखला पण आत्मा मारला, ही टोचणी आत्मकथेत लिहून ठेवली. शरीर तत्त्वज्ञानाशी कसं भांडतं ते त्या पानांत कळतं. प्रतिपक्षाला गांधी हवे असतील तर ही पानंही घ्यावी लागतील.

एका माणसाचा आमांश म्हणजे पुरावा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मग जर्मनीकडे पाहू. गीसन विद्यापीठातल्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहणाऱ्या २१६ पुरुषांची आणि २९७ स्त्रियांची पाहणी केली, ती १९९९ साली छापून आली. आहारात कच्च्याचा वाटा जितका मोठा, तितकं वजन कमी भरलं. स्त्रियांपैकी चौथा हिस्सा प्रमाणाबाहेर हडकुळा होता. ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली होती. ही माणसं दुष्काळग्रस्त नव्हती. युरोपातल्या भरल्या बाजारातून निवडून खाणारी, आरोग्याबद्दल दक्ष माणसं होती. प्रतिपक्षाच्या बाजूनं सांगायचं तर अशा लोकांच्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी आढळतं. पण पाळी थांबणं म्हणजे ‘शरीरशुद्धी’, असं काही गुरू सांगतात, तिथे थट्टा थांबते. उपाशी शरीर पहिल्यांदा पुनरुत्पादनाचं दुकान बंद करतं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आता ब-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात. आपल्याला ते मिळतं दूध, अंडी, मासे, मांस यांतून. मोडात ते नसतं, गव्हांकुराच्या रसात नसतं, स्पिरुलिनात असतं ते माणसाच्या उपयोगाचं नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. पुणे परिसरातल्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय वस्त्यांतले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी निघालं. शाकाहाऱ्यांना हा धोका मांसाहाऱ्यांच्या चौपटीहून जास्त होता. यातले बरेचसे दूध-ताक घेणारे शाकाहारी होते, हे विसरू नये. ताक पिऊनही ज्या समाजात ही अवस्था आहे, तिथे ताकही काढून घ्यायचं आणि मोडाच्या वाटीकडे बोट दाखवून ‘समतोल’ म्हणायचं? व्हीगन राहणाऱ्यानं ब-१२ची गोळी घ्यावी, आणि हे शिजवून खाणाऱ्या व्हीगनलाही तितकंच लागू आहे. गोळी कारखान्यात बनते म्हणून ती ‘अनैसर्गिक’ असेल. गव्हांकुर वाटणारा मिक्सरही झाडाला लागत नाही.

मुंबईच्या उपनगरांपुरता एक मुद्दा वेगळा आहे, तो म्हणजे हवा. मोड यायला ऊब आणि ओल लागते. जिवाणूंनाही नेमकं तेच लागतं. जुलैत मढला फडक्यात बांधलेली मटकी सकाळी घमघमते आणि दुपारपर्यंत तिला आंबूस वास सुटतो. बुळबुळीत झालेली मटकी गृहिणी फेकते, किंचित चळलेली चार पाण्यांनी धुऊन कुकरमध्ये टाकते. कुकरच्या तीन शिट्ट्या तिचा विमा असतात. कच्चं खाणाऱ्याला हा विमा नाही. २०११ साली जर्मनीत ई. कोलायच्या एका जहाल वाणानं ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासाहून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेतकऱ्यांचा माल कुजला. शेवटी माग लागला तो लोअर सॅक्सनीतल्या एका मोड पिकवणाऱ्या शेतीपर्यंत आणि इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. मेथीचे मोड! आपल्याकडे मधुमेह्यांना जो पदार्थ वाटीनं सांगतात, तोच. ती शेती गलिच्छ नव्हती. दोष बियांबरोबर आला आणि मोडाच्या उबेत वाढला. वरून धुऊन तो जात नाही, उकळून जातो.

हरभरे-मुगाचे चार मोड कोशिंबिरीत टाकून खाल्ले तर आभाळ कोसळत नाही, हे खरं आहे. निरोगी माणसानं खुशाल खावेत. गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस यांना मात्र देऊ नयेत. मराठी ताटात कच्च्याला जागा आहेच. ती डाव्या बाजूला आहे, लिंबू, चटणी, कोशिंबिरीच्या शेजारी. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ ही खरीखुरी कच्ची हरभऱ्याची डाळ. भिजवून, कैरीबरोबर भरड वाटून, वर हिंग-मोहरीची फोडणी. पण ती द्रोणात मिळते, पातेल्यानं नाही. शेतातून उपटलेल्या हरभऱ्याचे ओले घाटे येताजाता तोंडात टाकतात. खानदेशात मेथीचा घोळाणा भाकरीबरोबर खातात, भाकरी मात्र तव्यावरची. उसळीवर लिंबू पिळतात ते ताटात, शिजताना नव्हे. क जीवनसत्त्व शाबूत राहतं आणि शिजल्या दाण्यातलं लोह शोषायला मदत होते. कच्चं आणि शिजलेलं यांचा हा संसार शेकडो वर्षं नीट चालला आहे. कुणी येऊन त्यांचा काडीमोड करायचं कारण नव्हतं.

आणि ज्याला आपण बिनविस्तवाचं समजतो, त्याचीही जन्मकथा पाहावी. कोकणातले दडपे पोहे घ्या. ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, लिंबू, आणि गॅस पेटवायची गरज नाही. कच्च्या आहाराच्या पाककृतींत ते हटकून असतात. पण पोहे होतात कसे? भात भिजवतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चेपतात. विस्तव स्वयंपाकघरात नसला तरी गिरणीत होता. डाळं म्हणजे भाजलेले हरभरे, सातूचं पीठ भाजक्या धान्याचं, मेतकूट भाजक्या डाळींचं, लाह्या तर उघडउघड आगीतून उडालेल्या. परदेशी ओट्सचं पाकीटसुद्धा वाफेतून आलेलं असतं. हुरड्याचं तर काय सांगावं. ज्वारीचा दाणा अजून दुधात आहे, बोटानं चेपला तर फुटतो, त्याहून कोवळं धान्य असत नाही. तरी शेतकरी शेणकुटांची आगटी पेटवतो, कणीस त्यात खुपसतो आणि तळहातावर चोळून दाणे देतो. कच्चं खायचंच असतं तर याहून चांगली संधी धान्यानं कधी दिली नसती.

चूल बाईला जखडते, हा प्रतिपक्षाचा एक युक्तिवाद आहे, आणि त्यांच्या सगळ्या युक्तिवादांत वजनदार तोच आहे. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, दिवसभर बाजारात विकायची आणि परतून चूल पेटवायची, हे मढच्या कोळणीला सांगायला नको. पण कच्च्या आहारानं ती सुटते का? निवडणं, भिजवणं, उपसणं, बांधणं, उन्हाळ्यात दोनदा धुणं, पाला वाटणं, नारळाचं दूध काढणं, बदाम सोलणं, हे कुणाच्या वाट्याला येतं? गॅसची वीस मिनिटं वाचतात आणि दोन तास जातात. बाईचे कष्ट हलके करायचे असतील तर पुरुषानं कुकर लावायला शिकावं. तत्त्वज्ञान बदलायची गरज नाही.

प्राण्यांच्या कळवळ्यानं दूध-मासे सोडणाऱ्याशी भांडण नाहीच. त्याच्यासाठी मराठी स्वयंपाकघर आधीच सज्ज आहे. भाकरी-पिठलं, मटकीची उसळ, तेलाची फोडणी दिलेली आमटी आणि भात, भाजणीचं थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी. यांत दुधाचा थेंब नाही, आणि धान्य-कडधान्याची जोडी एकमेकांच्या अमिनो आम्लांची उणीव भरून काढते. ही जोडी हजारो वर्षांची आहे ती विस्तवाच्या साक्षीनं.

मढ, एरंगळ, मनोरी, गोराईच्या ईस्ट इंडियन घरांत एप्रिल-मे महिन्यांत, पावसाच्या आत, बाटली मसाल्याची धांदल असते. मिरच्या, हळकुंडं, धणे आणि पंचवीसेक जिनसा दिवसेंदिवस अंगणात वाळत पडतात. बऱ्याच घरांच्या यादीत गहू आणि चणे असतात, म्हणजे एक धान्य आणि एक कडधान्य. त्यांना मढचं कडकडीत ऊन लागतं, आणि ते भरपूर लागल्यावर मातीचं खापर चुलीवर चढतं, एकेक जिन्नस वेगळा भाजला जातो, कुटला जातो आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जातो.